दीड टनाची जागा

भोक बसप्पानं पाडलं, चार वर्षांपूर्वी,
खिडकीतल्या एसीच्या मापाचं.
तुळशीदास जहाजावर निघाला होता,
बॅग रिक्षात ठेवता ठेवता म्हणाला,
दीड टनाचा घेऊ, येत्या सुट्टीत.
तोवर आतून एक प्लाय, बाहेरून एक प्लाय,
मध्ये भिंतीच्या जाडीएवढा अंधार.
पहिल्या सुट्टीत बाथरूमच्या फरशा आल्या.
दुसऱ्या सुट्टीत नणंदेचं लग्न.
तिसरी सुट्टी आलीच नाही, कंत्राटाला कंत्राट जोडलं.

शिगमो संपला त्या आठवड्यात
बाहेरच्या प्लायचा एक खिळा गळून पडला
आणि त्या फटीतून त्या आत शिरताना दिसल्या,
पायांना पिवळं माखून, एकीमागे एक,
आमच्या गेटवर पाळी बदलते तशा.

मी कुंडईला गोळ्यांच्या पाकिटांवर असते.
पट्टा सरकतो, मी बघते.
एकही खळगी रिकामी जाता कामा नये,
एवढंच काम.

क्लेमेन्सिया म्हणाली, रॉकेल ओत.
म्हापशाचा फवारणीवाला म्हणाला, दीड हजार, मेलेल्या तुम्ही झाडायच्या.
तुळशीदास फोनवर म्हणाला, हात लावू नकोस,
मग म्हणाला, कर काहीतरी,
मग आवाज तुटला.

रात्री मी भिंतीला स्टीलचा पेला लावून ऐकलं.
तो एकदा सांगत होता,
जहाजाचं इंजिन कानाला कळत नाही,
बंद पडलं की कळतं.
तसंच काहीतरी होतं आत.
(दुसऱ्या रात्री पेला न घेताच कान लावला.
एक खोलीत आली होती. पाळी दोन दिवस लाडवासारखी.)

शेवटी केप्याहून पुनो वेळीप आला,
स्कूटरवर लाकडी पेटी बांधून, दिवस मावळल्यावर.
हातमोजे नाहीत. नारळाच्या सोडणाचा धूर.
आतला प्लाय त्यानं असा काढला
जसं झोपलेल्या पोराच्या अंगावरचं पांघरूण.

सात पोळी. एकाशेजारी एक, ताटाळ्यातल्या ताटांसारखी.
"आग्या न्हय, बाय," तो म्हणाला, "ही सातेरी."
माझे हात आपोआप जुळले.
आमच्याकडे सातेरी म्हणजे गाभाऱ्यातलं वारूळ,
मातीतून आपणहून वर आलेलं.
पुनो हसला. मग तोही थोडा गप्प झाला.

तोंडाशी दहा-बाराजणी पाय रोवून उभ्या,
पंख हलत होते, उडत मात्र कुणीच नव्हती.
"वारो घालतात," तो म्हणाला. "भितर गरम जाता न्हय?"
मी हात पुढे केला.
बोटांना अगदी बारीक वारा लागला,
त्याच भोकातून,
चार वर्षांनी.

त्यानं एकेक पोळं कापून चौकटीत धरलं,
केळीच्या सोपानं बांधलं,
राणी काड्यापेटीएवढ्या जाळीत.
मी सवयीनं रिकाम्या खळग्या मोजायला लागले.
फार नव्हत्या.
पैसे पेट्रोलपुरते घेतले. जाताना बजावलं,
उद्याच बुजव, वासावर दुसऱ्या येतील.

सकाळी पाच-सहाजणी परतल्या,
रात्री बाहेरच राहिलेल्या.
जिथं फट होती तिथंच हवेत थांबत होत्या,
मागे जाऊन पुन्हा येत होत्या,
पत्ता चुकला तर नाही ना, असं.
मी बशीत साखरेचं पाणी ठेवलं.
मुंग्यांनी खाल्लं.

काल फोन लागला. कुठल्याशा बंदरात होता, मागे क्रेनचा आवाज.
म्हणाला, बुजवून टाक ते भोक,
आता सगळे स्प्लिटच घेतात,
त्याला नळीपुरती जागा लागते, बोटभर.
मी म्हटलं, बसप्पाला सांगते.

बसप्पा खालच्याच गल्लीत राहतो.
रोज दिसतो.